इसार गेला तर जाऊ द्या, चुकारा जपा

वाचकाचे पत्र : "सादर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय 27, शिक्षण बी.ए., घरी सहा एकर कोरडवाहू वावर आहे. वर्षभरापासून मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, भुलाबाईची गाणी, जुन्या बियाण्यांची माहिती आणि कास्तकारांचे अनुभव मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवतो. दोनशेच्या आसपास लोक ऐकतात. दिवाळीनंतर शहरातल्या एका स्टुडिओच्या कार्यशाळेला गेलो. तिथे सांगितले की पुढची दहा वर्षे पॉडकास्टचीच आहेत, पण नुसता आवाज आता कोणी ऐकत नाही, व्हिडिओच हवा. 65,000 रुपयांच्या पॅकेजमध्ये प्रशिक्षण, माइक, दहा भागांचे चित्रीकरण आणि प्रमोशन मिळेल आणि सहा महिन्यांत महिन्याला 50,000 रुपये सुरू होतील, असे ते म्हणतात. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायांच्या मुलाखतींपासून सुरुवात करा, विदर्भातला तोच विषय चालतो, असाही त्यांचा सल्ला आहे. मी 5,000 रुपये इसार दिला आहे. करारावर सही बाकी आहे. सोयाबीन विकल्याचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हाती आहे, पण बाबा म्हणतात, हे खूळ आहे. मी काय करावे?"

उत्तर :

उरलेले साठ हजार रुपये देऊ नका, करारावर सही करू नका, आणि रेकॉर्डिंग मात्र थांबवू नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पुढे जे लिहितो आहे ते या तीन गोष्टी तुम्हाला आणि तुमच्या बाबांना पटाव्यात म्हणून.

बाबा 'खूळ' म्हणतात ते स्टुडिओच्या पॅकेजला म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूचा आहे. तुम्ही वर्षभर जे काम करत आला आहात त्याला म्हणत असतील तर नाही. तुमच्या घरात या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते, आणि ती गल्लत स्टुडिओवाल्यांनीच करून दिली असावी, कारण पॅकेज विकायचे तर आधी तुमचे चालू काम कच्चे, हौशी आणि कालबाह्य ठरवावे लागते.

आधी पैशांकडे पाहू. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. म्हणजे हमीभावाने विकले गेले असे धरले तरी 65,000 रुपयांसाठी बारा क्विंटलांहून अधिक सोयाबीन द्यावे लागते, आणि ओलाव्याचे किंवा डागाळलेल्या दाण्याचे कारण सांगून बाजार समितीत त्याहून कमी भाव कसा पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको. कोरडवाहू वावरात बरे पिकले तर हे दोन-अडीच एकरांचे सगळे उत्पन्न झाले. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि काढणी यांचा खर्च अजून त्यातून वजा केलेला नाही. एवढे देऊन तुमच्या पदरात दहा भाग पडणार आहेत. अकरावा भाग कुठे, कोणाच्या कॅमेऱ्यावर आणि किती भाड्याने तयार व्हायचा, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, याचा अर्थ कार्यशाळेतही तो निघाला नसावा.

महिन्याला पन्नास हजारांचा जो आकडा तुम्हाला सांगितला गेला, तो कागदावर मांडून पाहू. पॉडकास्टमधल्या जाहिरातीचा दर दर हजार ऐकण्यांमागे ठरतो. या धंद्याचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत आहे, आणि तिथे निवेदकाने स्वतः वाचलेल्या मिनिटभराच्या जाहिरातीला हजार श्रोत्यांमागे साधारण 20 ते 25 डॉलर मिळतात. हा अमेरिकन दर मराठी कार्यक्रमाला मिळेल असे मानण्यात मोठा भाबडेपणा आहे, पण स्टुडिओवाल्यांना सवलत म्हणून तोही धरू. तुमच्या दोनशे श्रोत्यांच्या एका भागाला फार तर पाच डॉलर, म्हणजे चार-साडेचारशे रुपये मिळतील. महिन्याला चार भाग काढून पन्नास हजार मिळवायचे तर त्याच परदेशी दराने प्रत्येक भागाला सहा-सात हजार श्रोते हवेत, आणि प्रत्येक भागाला पैसे मोजणारा जाहिरातदारही हवा.

सहा-सात हजार हा आकडा कार्यशाळेच्या पडद्यावर लहान वाटतो. म्हणून दुसरा एक आकडा शेजारी ठेवतो. बझस्प्राउट नावाची एक कंपनी जगभरच्या लाखभराहून अधिक कार्यक्रमांच्या फायली सांभाळते आणि स्वतःची आकडेवारी स्वतःच जाहीर करते. त्या आकडेवारीप्रमाणे नव्या भागाला पहिल्या सात दिवसांत तीसच्या आसपास डाउनलोड मिळाले, तरी तो भाग वरच्या निम्म्यांत गणला जातो, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तेवढेही मिळत नाहीत. व्हॉट्सअॅपवर ऐकणारे आणि डाउनलोड करणारे यांची तुलना तंतोतंत होत नाही हे मान्य, तरीही दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाला दोनशे माणसे ऐकतात ही गोष्ट मुळीच क्षुल्लक नाही. ती क्षुल्लक आहे असे तुम्हाला कोणी सांगितले आणि का सांगितले, याचा विचार तुम्ही सवडीने करा.

यूट्यूबचे गणित वेगळे आहे, पण त्याने फार दिलासा मिळत नाही. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीला 1,000 सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत 4,000 तासांचे पाहणे लागते. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नापैकी 55 टक्के तुमचे. लहान व्हिडिओंचा एक दुसरा मार्गही आहे, पण नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याची अट ज्याला सहज वाटते त्याने मला पत्र लिहिण्याची गरज नाही. आता तुमचे दोनशेही जण वीस मिनिटांचा भाग शेवटपर्यंत पाहतात असे समजा. एका भागाचे 66 तास होतात, चार हजारांसाठी साठ भाग लागतात आणि आठवड्याला एक या हिशेबाने वर्षात होतात बावन्न. जुने भाग पुन्हा कोणी पाहिले तर थोडी भर पडेल, पण एवढे करून तुम्ही फक्त दारापर्यंत पोहोचता. आत गेल्यावर किती मिळेल हे जाहिरातदार ठरवतो, आणि ज्या ग्राहकाच्या खिशात फारसे काही नाही त्याच्यासाठी जाहिरातदार फारसे मोजत नाही.

ही साधी आकडेमोड कार्यशाळेत कोणी केली नाही, कारण तिथे विकला जात होता तो पॉडकास्ट नव्हता, पॉडकास्टची आशा होती. यात्रेत कोणाचा नवस फळतो ते देवालाच ठाऊक, नारळवाल्याचा धंदा मात्र प्रत्येक नवसाला होतो. त्या स्टुडिओला एकच प्रश्न विचारून पाहा. तुमच्याकडून शिकून गेलेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर महिन्याला पन्नास हजार मिळवणारा एक जण दाखवा, आणि त्याच्या वाहिनीची कमाई पडद्यावर न दाखवता बँक खात्याच्या उताऱ्यावर दाखवा. बहुधा तुम्हाला एखाद्या प्रसिद्ध माणसाचे नाव ऐकवले जाईल, जो आधीच प्रसिद्ध होता आणि मग पॉडकास्टकडे वळला.

या क्षेत्रात उत्साहाची लाट पहिल्यांदाच आलेली नाही. 2004 मध्ये पॉडकास्ट हे नाव पहिल्यांदा छापून आले, 2005 मध्ये अॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली आणि आता रेडिओ संपला असे लिहिले गेले. 2014 मध्ये 'सीरियल' ही अमेरिकेतली एका खून खटल्यावरची मालिका गाजली आणि पुन्हा तेच लिहिले गेले. फेब्रुवारी 2019 मध्ये गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने पॉडकास्ट बनवणारी गिमलेट आणि ते मोफत चढवू देणारी अँकर या दोन कंपन्या घेतल्या, त्यातल्या एकट्या गिमलेटसाठी सुमारे 23 कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नामवंतांबरोबर प्रचंड रकमांचे करार झाले. मग जून 2023 मध्ये त्याच कंपनीने पॉडकास्ट विभागातली सुमारे दोनशे माणसे कमी केली आणि हौसेने घेतलेले गिमलेट दुसऱ्या विभागात विलीन करून टाकले. गूगलचे पॉडकास्टसाठीचे स्वतंत्र अॅप 2024 मध्ये बंद झाले. ज्यांच्याकडे जगातली सर्वांत मोठी आकडेवारी आणि सर्वांत महागडे सल्लागार आहेत त्यांचाही अंदाज पाच वर्षे टिकला नाही, तेव्हा शहरातला एक भाड्याचा स्टुडिओ पुढच्या दहा वर्षांची हमी कशाच्या जोरावर देतो?

यूट्यूबने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितले की तिथे दरमहा एक अब्जाहून अधिक लोक पॉडकास्ट पाहतात-ऐकतात. हा आकडा तुम्हाला कार्यशाळेत नक्की दाखवला असेल. तो खरा धरला तरी तो यूट्यूबच्या दुकानातल्या गर्दीचा आकडा आहे, तुमच्या गल्ल्याचा नाही. शिवाय पॉडकास्टची मूळ रचना निराळी होती. ध्वनीची फाइल आपण कुठेही ठेवावी, तिची खबर देणारी एक खुली यादी असावी आणि श्रोत्याने हव्या त्या अॅपमधून ती ऐकावी, अशी ती साधी व्यवस्था होती. मध्ये कोणी मालक नव्हता, कोणाची परवानगी लागत नव्हती. आज दोन खुर्च्या, दोन मोठे माइक, मागे निळा-जांभळा उजेड आणि रडवेला चेहरा असलेले चित्र यालाच पॉडकास्ट समजले जाते, कारण व्हिडिओवर जाहिरात अधिक विकली जाते आणि स्टुडिओचे भाडेही त्यामुळेच निघते. व्हिडिओ वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. ज्याला चेहरा, हातवारे किंवा कलाकुसर दाखवायची आहे त्याने तो अवश्य करावा. तुमच्या कामाला त्याची गरज काय, एवढाच प्रश्न आहे.

नुसता आवाज कोणी ऐकत नाही हे वाक्य तर विदर्भातल्या खेड्यात बोलण्यासारखेच नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 पासून चालू आहे, आणि शेतीविषयक कार्यक्रम ऐकत गोठ्यात दूध काढणारी, हवामानाचा अंदाज ऐकून डवरणीचा दिवस ठरवणारी पिढी अजून तुमच्या गावात बसलेली आहे. त्यांच्याकडे फुरसत होती म्हणून ते ऐकत होते, असे नाही. हात कामात आणि कान मोकळे असत, म्हणून ऐकत होते. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई ओच्यात फोन ठेवून ऐकू शकते, पडद्याकडे पाहू शकत नाही. शिवाय बोलण्यासाठी पुरेशा दर्जाची अर्ध्या तासाची ध्वनिफीत साधारण 14 एमबीत बसते. ज्या गावात नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावे लागते तिथे तेवढी फाइल उतरते, तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ मध्येच फिरत राहतो.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी खरोखर अस्वस्थ झालो त्याकडे येतो. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायांच्या मुलाखतींपासून सुरुवात करा, तोच विषय चालतो, असे ज्या माणसाने सांगितले, त्याच्याकडून पुढे काहीही शिकायला जाऊ नका, मग त्याने पॅकेज फुकट दिले तरीही. 'चालतो' हा शब्द त्याने दुःखाच्या बाबतीत वापरला आहे आणि तो वापरताना त्याला काही वाटलेले नाही.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. तुम्ही त्याच भागात राहता, म्हणून तुम्हाला ठाऊक असेल की अशा घरात मृत्यूनंतर बरीच प्रकरणे एकदम चालू होतात. राज्य शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, आणि त्यात नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जवसुलीचा तगादा अशी कारणे तपासली जातात. सातबाऱ्यावर नाव चढवण्यावरून सासरी वाद असतो. कर्ज बँकेचे असते तसे खासगीही असते, आणि ते देणारा माणूस त्याच गावात राहतो. अशा वेळी त्या बाईने कॅमेऱ्यासमोर भरात उच्चारलेले एक वाक्य दिरापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरते, आणि त्याचे परिणाम भोगायला स्टुडिओतला कोणी तिच्या दारात येत नाही. तिची मुले शाळेत जातात, आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांकडेही फोन असतात.

उद्या अशा बायांपैकी एखादीने आपणहून येऊन बोलण्याची इच्छा दाखवली तर नाही म्हणू नका, कारण बोलण्याचा हक्क तिचाही आहे. पण पहिल्या भेटीत फोन बाहेर काढू नका. रेकॉर्डिंग झाल्यावर ते तिला पूर्ण ऐकवा, जे नको म्हणेल ते काढा, नाव-गाव बदलायचे की ठेवायचे हे तिला ठरवू द्या, आणि वर्षानेही तिने काढून टाका म्हटले तर कारण न विचारता काढा. अशा भागावर जाहिरात लावायची नाही, हे आजच ठरवून टाका. या अटींवर 'चालणारा' विषय उरत नाही, हे मला माहीत आहे.

कराराबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण मला तो पॅकेजच्या किमतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जातो, आणि ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन मुद्रण केले तो निर्माता. तुम्ही तुमच्या फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगचे निर्माते तुम्ही आहात. स्टुडिओत झालेल्या दहा भागांचा निर्माता कोण, हे त्या करारातल्या एका कलमावर ठरेल, आणि ते कलम बहुधा शेवटच्या पानांत कुठे तरी असेल. पैसे तुम्ही मोजणार, माणसे तुमच्या गावची, गाणी तुमच्या आजीच्या वयाच्या बायांची आणि मालकी मात्र शहरात, असे होऊ शकते. याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून पुढे कधीही, कोणाशीही करार करायची वेळ आली तर मुदत आणि मालकी या दोन गोष्टी आधी शोधा, करार मराठीत मागा आणि समोर बसून सही करू नका, कागद घरी आणा.

मालकीचा हाच नियम तुम्हालाही लागू पडतो, हे जरा कटू वाटेल, पण सांगतो. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या बायांची तुम्ही परवानगी घेतली होती का? तोंडी घेतली असेल तर ती पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. नाव, गाव, तारीख, कोणाला पाठवायला हरकत नाही आणि कोणाला आहे, एवढे तिच्याच आवाजात येऊ द्या. गाणाऱ्याचेही कायद्याने काही हक्क असतात, आणि कायदा नसता तरी ज्या घरात आपण चहा पितो तिथल्या आवाजाचा हिशेब आपण ठेवायलाच हवा.

पैसे मिळवूच नयेत असे मात्र मी म्हणत नाही. फुकट काम थोर असते, हा विचार पोट भरलेल्या माणसांनी पसरवलेला आहे. पैसे जवळून येऊ शकतात का ते पाहा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा येथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, आणि खेड्यातले मंडळ एखादी कंपनी ठरवून तिकिटे विकते व रात्रभराचा प्रयोग लावते. तिथे जाहिरातदाराच्या आधी प्रेक्षक येतो, आणि तो समोर बसलेला असतो म्हणून कंपनीला त्याचीच भीती असते. तुमच्या कामालाही तसा आधार मिळू शकेल. गावातले दहा जण, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले वीस जण, यांच्याकडून वर्षाची ठरावीक वर्गणी घ्या, आणि घेतलेल्या पैशांचा हिशेब त्याच गटात टाका. त्यातून संसार चालणार नाही, माइक आणि प्रवासखर्च निघेल.

प्रायोजक म्हणून तुमच्याकडे सर्वांत आधी कृषी केंद्रवाला येईल, हे आजच लिहून ठेवा. तो माणूस चांगलाही असेल. पण 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले, हे तुमच्याच जिल्ह्यात घडले आहे. जो कार्यक्रम कास्तकारांचे अनुभव सांगतो, त्याने कीटकनाशक विकणाऱ्याचे पैसे घेतले, तर फवारणीबद्दल खरे बोलायची वेळ आल्यावर त्याची जीभ अडखळते. तेव्हा बियाणे, खत, औषधे आणि कर्ज देणारे यांचे पैसे नकोत. सायकलवाला, कापडवाला, मंगल कार्यालयवाला चालेल. पाहुण्याकडूनच पैसे घेऊन त्याला बोलायला बसवायची रीतही परदेशात बोकाळली आहे आणि ती इकडेही यायला वेळ लागणार नाही. एखाद्या इच्छुक उमेदवाराने निवडणुकीच्या तोंडावर तुमच्यासमोर पाकीट ठेवले तर ते पॉडकास्टचे पैसे आहेत असे स्वतःला सांगू नका.

साधनांचे थोडक्यात सांगतो. तुमचा फोन पुरेसा आहे. कॉलरला लावायचा तारेचा साधा माइक काही शे रुपयांत येतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे याहून चांगला माइक पडून असतो, जो लगीनसराई नसताना भाड्याने किंवा ओळखीवर मिळतो. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, तेव्हा मातीच्या भिंतींची खोली शोधा किंवा भोवती गोधड्या टांगा, पंखा बंद करा, आणि शेतीच्या फीडरला वीज आली की मोटारी चालू होतात, त्याआधीची वेळ धरा. कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या जुन्या संगणकावरही चालते.

वाटपासाठी व्हॉट्सअॅपच चालू ठेवा. एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश मिळतो. यात एक फायदाही आहे, कारण ज्याला ऐकायचे नाही तो आपोआप गळतो. त्याच्या जोडीला भाग एखाद्या मोफत होस्टिंगवर, म्हणजे फायली इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर, चढवा म्हणजे दूरच्या माणसाला शोधता येतील. 2019 मध्ये घेतलेल्या त्या अँकरचेच आजचे रूप असलेली स्पॉटिफायची सेवा पैसे घेत नाही. मात्र मोफत सेवा मालकाच्या मर्जीवर चालते, तेव्हा मूळ फायली हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवल्याशिवाय फोनमधून एकही पुसू नका. माझ्या मते माइकच्या आधी हार्ड डिस्क घ्यावी.

असे म्हणण्याचे कारण तुमच्या कामाच्या स्वरूपात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात त्या कोणालाही ऐकता येतात. ते काम सुरू झाले तेव्हा त्याला श्रोते किती, सदस्य किती, हे विचारणारे कोणी नव्हते. दरम्यान घरोघरची जाती बंद पडली. तुमच्या भागातली भुलाबाईची गाणी, दंडार या लोकनाट्यातली सोंगे आणि संकरित बियाणे येण्यापूर्वीच्या गावठी कपाशीची आठवण ज्यांच्याकडे आहे ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. स्टुडिओतल्या दहा भागांच्या तारखा मिळेपर्यंत त्यांतले किती जण असतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले सांगू शकाल. जवळच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाला तुमच्या फायलींची एक प्रत द्या. यवतमाळच्या आकाशवाणी केंद्रालाही एकदा भेट द्या. तिथे कार्यक्रमासाठी बोलावतात त्यांना मानधन थोडेच असते, पण ध्वनिमुद्रणाची शिस्त पाहायला मिळते, आणि त्यासाठी उलट तुम्हाला पैसे मोजावे लागत नाहीत.

बाबांशी बोलताना भविष्याबद्दल बोलू नका, हिशेब बोला. चुकाऱ्यातले काय हरभऱ्याला लागते, काय सोसायटीचे फेडायचे आहे ते आधी बाजूला काढा, आणि त्यानंतर माइक व हार्ड डिस्क यांच्यापुरते पाच-सहा हजार मागा. ते देतील असे मला वाटते. आणि एकदा त्यांचेच बोलणे रेकॉर्ड करा, त्यांच्या तरुणपणी सरकारच कापूस विकत घेई त्या एकाधिकार योजनेत तो कसा विकला जाई हे विचारा. पंचेचाळीसच्या वरचा प्रत्येक कास्तकार यावर तासभर तरी बोलतो.

राहिला इसाराचा प्रश्न. पावतीवर 'परत मिळणार नाही' असे छापले आहे का ते पाहा. छापले असले तरीही मागणी करायला हरकत नाही, कारण सहा महिन्यांत पन्नास हजारांचे आश्वासन व्हॉट्सअॅपवर, पत्रकावर किंवा कार्यशाळेच्या जाहिरातीत लेखी आले असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ते संदेश पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढा. मग स्पीड पोस्टाने, नोंदणी करून, एक साधे पत्र पाठवा की मी करार करत नाही, इसाराची रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. भांडणाची भाषा नको. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळला, तक्रार करता येते, स्टुडिओच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. एवढे करूनही पाच हजार बुडाले तर बुडू द्या. ते वाचवण्यासाठी साठ हजार देऊ नका, आणि 'इसार वळता करून लहान पॅकेज घ्या' असा फोन आला, जो बहुधा येईलच, तर पत्राची पोच तुमच्याकडे आहे एवढे सांगून तो ठेवून द्या.